मार्शल, कॉन्स्टेबल आणि आपला हवालदार

हुद्द्याला भारदस्त नाव दिलं की माणूस खूश होतो आणि पगार वाढवावा लागत नाही, ही युक्ती ज्याला पहिल्यांदा सुचली त्याला आपला साष्टांग दंडवत. सध्या या कामी 'मार्शल' हा शब्द जोरात आहे. मुंबईत २०२५ पर्यंत कचरा टाकणाऱ्यांना दंड करणारे क्लीन-अप मार्शल होते, ठाण्यात मोटरसायकलवरून गस्त घालणारे पोलीस म्हणजे बीट मार्शल, ऐरोलीला आमच्या ऑफिसात मजल्यागणिक फायर मार्शल. (आमच्या मजल्याचा मीच. भडक जाकीट आणि शिट्टी मिळते.)

आता या मार्शलचं कूळ बघा. जुन्या जर्मनिक बोलीतल्या 'घोडा' आणि 'नोकर' या दोन शब्दांचा हा जोड. म्हणजे आपल्या भाषेत मोतद्दार! खरारा करता करता युरोपातल्या राजांच्या पदरी या मोतद्दाराचा सेनानी झाला. नेपोलियनने तर २६ मार्शल केले. आपल्याकडे फील्ड मार्शल दोनच, १९७३ मध्ये माणेकशा आणि १९८६ मध्ये करिअप्पा. घोड्याशी काडीचा संबंध नसलेल्या हवाई दलात मात्र एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल, एअर चीफ मार्शल अशी अख्खी उतरंड. 'कोर्ट मार्शल'मधला मार्शल वेगळा बरं का. तो रोमन युद्धदेव मार्सच्या घरचा. मराठीत लिहिताना दोघे जुळे दिसतात एवढंच.

कॉन्स्टेबलही तबेल्यातलाच. लॅटिनमध्ये तो पागेचा सरदार. फ्रान्समध्ये एके काळी राजाच्या खालोखाल सैन्याचा मुख्य तोच, मार्शल त्याच्या हाताखाली. १६२७ मध्ये ते पद मोडीत निघालं. आज मार्शल पंचतारांकित, आणि कॉन्स्टेबल ठाण्यात नितीन कंपनीच्या सिग्नलला धूर खात उभा.

आपल्याकडेही तेच झालंय. 'साधा हवालदार' असं नाक मुरडून म्हणणाऱ्यांनी शिवकाल जरा आठवावा. पागेत पंचवीस बारगीरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार असे. गडावरचा हवालदार तर किल्ल्याचा मुख्य अधिकारी. रात्री दरवाजे बंद झाले की किल्ल्या त्याच्याकडे. त्या किल्ल्यांमुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. नाव तेच राहिलं, हातातलं काढून घेतलं, आणि पुढे विनोदी नाटकांना एक पात्र मिळालं.

म्हणून नव्या पाट्या रंगवण्याचा मला मनापासून कंटाळा आलाय. वॉचमनचा सिक्युरिटी ऑफिसर झाला तरी ड्युटी बारा तासांचीच. हुद्दा द्यायचाच तर सोबत अधिकार द्या, नाहीतर चार पैसे तरी वाढवा. आमच्या मजल्यावर आगीच्या जिन्याच्या दारासमोर जुन्या मॉनिटरचे खोके रचून ठेवलेत. मी फायर मार्शल. ते हलवायचे तर आधी ॲडमिनला मेल, मग मॅनेजरची मंजुरी. ड्रिलच्या दिवशी मात्र शिट्टी मीच वाजवायची.