‘पावसातही दोन मिनिटांत शेकोटी’ म्हणे!

हा चार मुद्द्यांचा मेसेज भाच्याने कॅम्पची तयारी म्हणून जपून ठेवलाय. पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही तो करून पाहिलेला दिसत नाही.

‘ओल्या लाकडांवर अर्धा लिटर पेट्रोल ओता.’ जळेल ते पेट्रोल, लाकूड नाही. लाकडातल्या एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २६०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि पेट्रोलची बहुतेक उष्णता वरच्या वर हवेत जाते. भडका ओसरला की ओंडका बाहेरून काळा, आतून तसाच ओला. मग माणूस पुन्हा कॅन तिरका करतो आणि तिथेच घात होतो. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेते, हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत पसरते, आणि जाळ धारेवरून थेट हातातल्या कॅनपर्यंत येतो.

पेट्रोल नको, कोयता न्या. जमिनीवर पडलेलं लाकूड सोडा; उभ्या स्थितीत वाळलेलं, मनगटाएवढं जाड घ्या आणि उभं चिरा. गाभा बहुधा कोरडा निघतो. त्याच्या काडेपेटीतल्या काडीएवढ्या, पेन्सिलीएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या काटक्या करा. सगळ्यात बारीक दोन मुठी तरी हव्यात. आळस नेमका इथेच होतो. ओल्या जमिनीवर जाड फाट्यांचा थर, त्यावर पेट्रोलियम जेली चोळलेला कापसाचा बोळा. तो काही मिनिटं जळतो, तेवढ्यात काटक्या धरतात. सगळं हाताशी आल्याशिवाय काडी ओढायची नाही.

‘थंडीत लायटर चालत नाही.’ बरं, हे अर्धं खरं. लायटरमधलं द्रव इंधन, म्हणजे ब्युटेन, शून्य अंशांच्या किंचित खाली गेलं की त्याचा वायूच होत नाही. पण लायटर आतल्या खिशात ठेवला की चालतो.

‘वारा जितका जास्त तितकी आग चांगली.’ पेटल्यावर! आधी वाऱ्याकडे पाठ करून बसा आणि बोळा त्याच बाजूने पेटवा, म्हणजे ज्योत काटक्यांत शिरते.

‘रात्री निखारे पातेल्यात घालून तंबूत घ्या.’ हे लिहिणाऱ्याला काय म्हणावं? अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या नोंदीत जॉर्जिया राज्यातल्या मार्च १९९९ मधल्या दोन घटना आहेत. दोन बंद तंबूंत मिळून सहा जण मृत सापडले. एकात गॅसची शेगडी होती, दुसऱ्यात कोळशाची. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून ते निरुपद्रवी वाटतात, पण कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू त्यांतूनच भरपूर निघतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेल्याला जाग येतच नाही. तंबूची चेन थोडी उघडी ठेवूनही भागत नाही. ऊब हवी असेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरा, मोज्यात घाला आणि स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा.