जळक्या ऑइलचा वास आणि ‘गाडी जोरात पळवा’चा शहाणपणा

‘गाडीत जळक्या ऑइलचा वास येतोय? घाबरू नका, गॅरेजवाल्यांची धन करू नका!’ असा एक सहा कलमी मेसेज सध्या फिरतोय. मला तो धाकट्या बहिणीने पाठवला. तिच्या गाडीला काही दिवसांपासून खरंच असा वास येतोय, आणि मेसेजखाली तिचा प्रश्न होता, ‘‘दादा, म्हणजे आता दाखवायला नको ना?’’

दाखवायला हवी. आणि तोवर ती गाडी काढू नकोस.

पहिलं कलम वाचूनच डोकं फिरलं: ‘थांबू नका. मोकळ्या रस्त्यावर जोरात पळवा, सांडलेलं ऑइल जळून जाईल आणि वास आपोआप थांबेल.’ यात तथ्य आहे ते एवढंच: नुकतंच ऑइल बदललं असेल आणि फिल्टर काढताना चार थेंब एक्झॉस्टवर सांडले असतील, तर नेहमीच्या वापरात ते दोनेक दिवसांत जळून जातात. तिथेही पळवापळवीची गरज नाही. पण पुष्कळदा वासाचं मूळ टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमध्ये असतं. रबर वर्षानुवर्षं तापून कडक होतं, ऑइल पाझरायला लागतं आणि ओघळ खालच्या एक्झॉस्ट मेनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, उतरतो. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो) साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअस. जोर लावलेल्या इंजिनाचं मेनिफोल्ड त्याच्या कितीतरी वर तापतं. म्हणजे ज्या लोखंडावर ऑइल ठिबकतंय, ते आणखी तापवा असा हा सल्ला आहे! शिवाय गळती चालू असेपर्यंत वरून नवं ऑइल येतच राहणार. ते संपेल तेव्हा इंजिनही संपलेलं असेल.

गाडीसोबत आलेलं मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असतं, ते एकदा उघडा. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर काय करायचं, ते त्यात स्पष्ट असतं: सुरक्षित जागा बघून थांबा, इंजिन बंद करा. बॉनेटच्या फटीतून धूर येत असेल तर सगळ्यांनी उतरून लांब उभं राहायचं. बॉनेट उघडायचं नाही, आत आग असेल तर तिला हवा मिळते. आणि जळत्या ऑइलवर पाणी मुळीच मारायचं नाही.

दुसरं आणि तिसरं कलमही त्याच मॅन्युअलपुढे टिकत नाही. ‘जाड ऑइल भरा, गळती थांबेल.’ फाटलेलं पॅकिंग ऑइलची ग्रेड बघून गळत नाही. ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल सांगितलेल्या इंजिनात जाड २०डब्ल्यू-५० ओतलंत, तर थंड इंजिन सुरू करताना ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचेल, एवढीच कमाई. ‘मॅक्सच्या वर भरून ठेवा’ हे तर त्याहून वाईट. पातळी फार वर गेली की क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या तळाशी फिरणारा दांडा, ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या, मिन आणि मॅक्स या दोन खुणांमध्ये साधारण एका लिटरचं अंतर असतं. भरायचं ते त्या दोहोंच्या मध्येच.

चौथं, गळती थांबवणारं रसायन. बरं, कडक झालेलं रबरी सील त्याने थोडं फुगतं आणि पाझर काही काळ कमी होऊ शकतो, हे मान्य. पण फाटलेलं पॅकिंग किंवा ढिला बोल्ट त्याने सुधारत नाही.

पाचवं कलम भल्याभल्यांना पटतं: ‘गाडीखाली डाग नाही, म्हणजे गळती नाही.’ अहो, ऑइल मेनिफोल्डवरच जळतंय, डाग पडणार कुठून? काही गाड्यांत ते इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या कव्हरात साठून राहतं. इंजिन पूर्ण गार झाल्यावर टॉर्च घेऊन टॅपेट कव्हरच्या कडेने बघा. धूळ बसून काळा, चिकट थर झालेला असेल आणि त्यातून एखादी ओली रेघ चमकत असेल. ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. ऑइल बदलल्यानंतर वास सुरू झाला असेल तर फिल्टर बघा: जुनं रबरी वायसर इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावरच नवा फिल्टर चढवला, असं खरोखर होतं. बाहेर सगळं कोरडं, तरी डिपस्टिकवर पातळी उतरतेय आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर ऑइल इंजिनाच्या आत जळतंय. गाडी उभी राहून सुरू करताना धूर आला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, वेग घेताना आला तर पिस्टन रिंगांवर.

सहावं, ‘एसी रिसर्क्युलेशनवर ठेवा’, म्हणजे बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवा. वाहवा. वास लपला, बिघाड तसाच.

गॅरेजमध्ये नुसतं ‘वास येतो’ म्हणू नका, कधी येतो ते सांगा: सिग्नलला थांबल्यावर, की चढावर. चढावर क्लच दाबून खेळवल्यावरच येत असेल तर तो बहुधा क्लच प्लेटचा वास, ऑइलचा नव्हे. आणि मेकॅनिक ‘पॅकिंग बदललं’ म्हणाला, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आत साठणारे वायू बाहेर काढणारी झडप) तपासला का, हेही विचारा. तो तुंबलेला असला की इंजिनाच्या आतला दाब वाढतो आणि नवं पॅकिंगही गळायला लागतं.