शॅम्पू सोडायचाय? आधी रोजचा फेस सोडा

सध्या रील्सवर जिकडे बघावं तिकडे शॅम्पू म्हणजे विष आणि शिकेकाई म्हणजे अमृत असं चाललंय, आणि खाली शेकडो बायका विचारतायत की ताई प्रमाण सांगा, ताई लिंक द्या. मी कित्येक वर्षं डोक्याला शॅम्पू लावत नाही, अंगाला रोज साबण लावत नाही, त्यामुळे ऑफिसातल्या मुली आणि सोसायटीतल्या मैत्रिणी मलाही हेच विचारत असतात. प्रत्येकीला जिन्यात उभं राहून अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधी. आपल्या आज्या डोक्याला काय लावायच्या हे सगळे सांगतात, पण किती वेळा लावायच्या हे कुणीच सांगत नाही. शिकेकाईचं न्हाणं आठवड्यातून एकदा असायचं, काही घरांत तर पंधरा दिवसांनी. मधले दिवस तेल, घट्ट वेणी किंवा अंबाडा, बाहेर उन्हात पदर. केस रोज मोकळे सोडून बसने कुणी फिरत नव्हतं. आता आपण रोज शॅम्पू करणार आणि तो बंद करून रोज शिकेकाई लावणार, तर केस तसेच राठ होणार आणि आपण म्हणणार शिकेकाई सूट होत नाही. अगं, रोज धुणंच सूट होत नाहीये!

हे रोजचं धुणं आलं कुठून तेही बघण्यासारखं आहे. १९०३ साली बर्लिनमध्ये श्वार्झकॉफने पावडरचा शॅम्पू विकायला काढला, १९३४ मध्ये अमेरिकेत ड्रीन नावाचा शॅम्पू आला ज्यात साबणाऐवजी सिंथेटिक डिटर्जंट होतं, आजचे बहुतेक शॅम्पू त्याच वळणावरचे. आपल्याकडे मात्र बाटली ही बरीच वर्षं पैसेवाल्यांची चैन होती. खरी क्रांती झाली ती पुडीने. १९८३ मध्ये तामिळनाडूतल्या कडलूरमधून चिक नावाच्या शॅम्पूची पुडी निघाली, मग सगळ्यांच्याच पुड्या आल्या आणि टपरीवर गुटख्याच्या माळेशेजारी शॅम्पूची माळ लटकायला लागली. ज्या बाईला बाटली परवडत नव्हती तिला सुवासिक केस मिळाले, हे मी वाईट म्हणणार नाही, तिचाही हक्क आहे. पण त्याच्या जोडीला जाहिरातींनी हेही डोक्यात भरवलं की तेल दिसलं म्हणजे गबाळेपणा, आणि फेस आला नाही म्हणजे धुतलंच नाही. फेसाचा आणि स्वच्छतेचा तसा थेट संबंध नाही. मळ निघतो तो तेलाला आणि पाण्याला दोघांनाही धरणाऱ्या रेणूंमुळे, फेस हा त्यातून होणारा दिखावा आहे.

रिठा-शिकेकाईत हेच काम करणारं जे असतं त्याला सॅपोनिन म्हणतात. म्हणजे "केमिकल-फ्री" वगैरे काही नाही, तेही केमिकलच, फक्त झाडाने बनवलेलं. फरक असा की शिकेकाईचं पाणी किंचित आंबट असतं, आणि आपली त्वचाही आंबटच असते, पीएच (आंबटपणा मोजायचं माप, ७ च्या खाली आंबट, वर अल्कलाइन म्हणजे त्याच्या उलट) साधारण ५ च्या आसपास. अंगाच्या साबणाचा पीएच ९-१० असतो. रोज दोनदा साबण चोळलं की कातडी ओढल्यासारखी होते, थंडीत पायावर पांढऱ्या रेघा उमटतात, त्यात ह्याचा मोठा वाटा आहे. शॅम्पूचा पीएच साबणाइतका वर नसतो, बरेच शॅम्पू ५-७ च्या दरम्यान बसतात, त्यामुळे अंगाच्या साबणाने डोकं धुणाऱ्या पुरुषांनी (आमच्या घरात दोन आहेत) खरं तर शॅम्पू वापरला तरी ती सुधारणाच आहे.

आता प्रत्यक्ष. मी तयार पावडरीचं पाकीट आणत नाही, मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून अख्ख्या शेंगा आणते. शेंग चांगली की वाईट हे हातात घेतल्यावर कळतं, तपकिरी-लालसर, सुरकुतलेली, मोडली की कट्टकन आवाज आणि नाकात झणका. मऊ, बुरशीचा वास येणारी घ्यायची नाही. शेंगा फोडून बिया काढून टाकायच्या, त्याने काही फेस येत नाही. मूठभर शेंगा, चार-पाच आवळकाठीचे तुकडे, दोन रिठ्यांची टरफलं आणि चमचाभर मेथी रात्री भिजत घालायची, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर उकळायची. आधी पाणी चहासारखं दिसतं, मग दाट होतं, कडेला बारीक फेस धरतो आणि एक आंबूस-मातकट वास घरभर पसरतो. गार झालं की हातानेच कुस्करायचं आणि जुन्या सुती ओढणीतून गाळायचं. गाळणं चुकवायचं नाही, नाहीतर केसात भुसा अडकतो आणि तो दोन दिवस खांद्यावर पडत राहतो. लोखंडी कढईत उकळलं तर आवळ्यामुळे पाणी काळंकुट्ट होतं, काही जणींना ते मुद्दाम हवं असतं, मी स्टीलच वापरते.

लावताना केस आधी पूर्ण ओले करायचे आणि हे पाणी केसांच्या टोकांना नाही, टाळूला लावायचं, बोटांच्या पेरांनी चोळायचं. डोळे मिटलेले. शिकेकाई डोळ्यात गेली की काय होतं हे आपल्या पिढीतल्या सगळ्यांना पाठ आहे, आणि रिठा तर त्याहून वाईट. लहानपणी न्हाणीघरात बंबाशेजारी पाटावर बसून रडलेली मुलं आपणच. म्हणून लहान मुलांना मी हे सांगत नाही, त्यांच्यासाठी डोळ्यांना न झोंबणारा साधा बेबी शॅम्पू आठवड्यातून एकदोनदा, विषय संपला.

रिठ्याबद्दल जरा सावध. रिठा हा जोरदार आहे. सोनार दागिने रिठ्याच्या पाण्यात घासतात, पैठणी आणि लोकरीचे कपडे रिठ्यात धुतात, तेव्हा नुसत्या रिठ्याने दर दोन दिवसांनी डोकं धुतलं तर केसांचा झाडू व्हायला वेळ लागत नाही. झाडाचं आहे म्हणून सौम्य आहे असं नसतं.

तेलाचं म्हणाल तर न्हायच्या आदल्या रात्री खोबरेल. यावर चांगला अभ्यास झालाय, २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली आणि धुण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केसातलं प्रोटीन कमी झिजतं असं दिसलं, कारण त्यातलं लॉरिक ॲसिड केसाच्या आत शिरतं. संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीचेच होते हेही सांगते, पण कारण पटण्यासारखं आहे. फक्त तेल थापून थापून नको, नाहीतर शिकेकाईने निघत नाही आणि मग चिकट डोकं घेऊन ऑफिस. चमचाभर पुरतं.

अंगासाठी डाळीचं पीठ. चण्याच्या डाळीचं किंवा मसुराचं, त्यात आंबेहळद चिमूटभर, जमलं तर नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळा. दिवाळीला आपण उटणं म्हणून जे एक दिवस लावतो आणि मग वर्षभर डब्यात किडे पडू देतो, तेच. पीठ अंगावरचं जादा तेल शोषून घेतं आणि चोळताना मळ निघतो, कातडी ओढत नाही. पण फ्लॅटमध्ये बाथरूमची जाळी तुंबते हे कुठल्याच रीलमध्ये दाखवत नाहीत. पीठ भिजून लगदा होतो आणि आठवड्यात खालून वास यायला लागतो. त्यावर उपाय म्हणजे पीठ मूठभर नाही, दोन चमचे, चेहरा-मान-पाठ एवढ्यापुरतं, आणि जाळीवर जुना नायलॉनचा मोजा. हाता-पायांना खरं तर रोज काहीच लागत नाही, नुसतं पाणी पुरतं. काखा, जांघा, पावलं इथे घाम आणि वास असतो तिथे साबण लावा, मीही लावते. आणि हात धुवायला साबणच, तिथे तडजोड नाही. बाहेरून आल्यावर, स्वयंपाकाआधी, संडासला जाऊन आल्यावर डाळीच्या पिठाने हात धुते असं कुणी म्हणालं तर मी तिच्याकडे जेवायला जाणार नाही.

पाण्याचा मुद्दा कुणी काढत नाही पण तो फार मोठा आहे. पुण्यात खडकवासल्याचं पाणी येतं तिथे साबण लगेच फेसाळतो आणि लगेच निघतो. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की बोअरचं जड पाणी येतं, साबण लावला की अंगावर चिकट थर राहतो, बादलीला पांढरा कड येतो, केस गवतासारखे. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून साका तयार करतं म्हणून हे होतं. शिकेकाईचं तसं होत नाही, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात बोअरवर राहणाऱ्यांना शिकेकाईचा फरक जास्त जाणवेल. मात्र ती केसातून निघायला पाणी जास्त लागतं. ज्या घरात चार दिवसांनी पाणी येतं त्या बाईला दोन बादल्या ओतून शिकेकाई धू असं सांगायला मला जीभ रेटत नाही. तिने थोडासा शॅम्पू मगभर पाण्यात पातळ करून लावावा आणि मोकळं व्हावं.

आता जे मला खरंच खटकतं ते. खाण्याचा सोडा. शॅम्पू सोडा म्हणणारे बरेच लोक सोड्याने डोकं धुवा आणि वरून व्हिनेगर ओता म्हणतात. सोड्याचं पाणी अल्कलाइन, पीएच ८ च्या वर, त्यानंतर लगेच व्हिनेगर म्हणजे ३ च्या आसपास. केसांवरची खवल्यांसारखी जी पापुद्र्याची रचना असते ती एकदा उघडायची आणि एकदा आवळायची, असं दर आठवड्याला. माझ्या मावसबहिणीचे कंबरेपर्यंतचे केस ह्या प्रकाराने मधूनच तुटायला लागले, कंगव्यात मूळ नसलेले तुकडे यायचे. शेवटी तिला खांद्यापर्यंत कापावे लागले आणि ती कापताना रडली. हे ज्यांनी सांगितलं त्यांचं पुढचं रील तोवर आलेलं होतं, कांद्याच्या रसाचं.

दुसरं लिंबू. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, कृपा करून. लिंबाच्या रसातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मग काळे डाग महिनोन्महिने राहतात. उजळायला गेलेल्या मुली डाग घेऊन येतात. आणि उजळायचंय तरी कशाला, हा वेगळा विषय आहे, त्यावर लिहायला बसले तर ही पोस्ट संपणार नाही.

तिसरं, "शॅम्पू बंद केला की डोकं आपोआप तेल बनवणं कमी करतं". तेल किती बनणार हे मुख्यतः शरीरातले हार्मोन ठरवतात, वयात येताना वाढतं, उतारवयात कमी होतं. शिकेकाईवर आलात म्हणून ग्रंथींना काही निरोप जात नाही. पहिले काही आठवडे डोकं चिकट वाटतं आणि मग बरं वाटायला लागतं, ह्यात सवयीचा आणि नीट धुवायला शिकण्याचा भाग जास्त आहे. तेलकट टाळूच्या मुलींनी आठवड्यातून दोनदा धुवावं, त्यात काही कमीपणा नाही.

आणि कोंडा जर पिवळट, चिकट असेल, खाज असेल, टाळू लाल असेल तर शिकेकाईत वेळ घालवू नका. तो बऱ्याचदा यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा, प्रकार असतो, तिथे किटोकोनाझोल ह्या बुरशीवरच्या औषधाचा शॅम्पू लागतो आणि तो स्किनच्या डॉक्टरांना विचारून. त्यात तेल चोपडलं तर उलट वाढतो. सोरायसिसवाल्यांनी तर रिठ्याच्या नादी लागूच नये. नवजात बाळाला डाळीचं पीठ चोळून लव काढायची पद्धत अजून घराघरात आहे. बाळाची कातडी पातळ असते, सोलवटते, लव तशीही आपोआप जाते. डब्ल्यूएचओ तर पहिली आंघोळसुद्धा जन्मानंतर २४ तासांनी घाला म्हणते. मालीशवाल्या मावशींना प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा.

दुकानातला "शिकेकाई शॅम्पू" घेण्याआधी बाटली उलटी करून वाचा. जे जास्त ते यादीत आधी असतं. पाण्यानंतर लगेच सोडियम लॉरेथ सल्फेट (नेहमीच्या शॅम्पूतलं डिटर्जंट) आणि शिकेकाई कुठेतरी खाली सुगंधाच्या आसपास असेल तर तो साधा शॅम्पूच आहे. खुशाल वापरा, पण शॅम्पूच्या किमतीत घ्या, हिरव्या पानाच्या चित्राचे जास्तीचे पैसे कशाला.

शेवटी वेळेचं बोलते, कारण खरी अडचण तिथे आहे. आज्यांच्या काळी बंब पेटवायला कुणीतरी असायचं, पाठीमागून तांब्याने पाणी ओतायला आई नाहीतर जाऊ असायची, केस उन्हात वाळवायला अर्धी सकाळ मिळायची. आज सकाळी ७ ची बस धरणाऱ्या बाईला शेंगा उकळ म्हणून सांगणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं. जुनं ते सोनं म्हणणारे पुरुष बायकोला शिकेकाई लाव म्हणतात आणि स्वतः बाथरूममध्ये जाऊन साबण डोक्याला फासतात. हे मला चालत नाही, तोंडावर बोलते मी. दळून ठेवायची तर गिरणीवालाही शिकेकाई घ्यायला तयार नसतो, दिवसभर शिंका येतात म्हणून, आणि त्याचंही बरोबरच आहे, नंतर त्याच जात्यात कुणाचे तरी गहू जायचे असतात. म्हणून अख्ख्या शेंगाच बऱ्या. आमच्याकडे शेंगा फोडणं, शनिवारी रात्री भिजत घालणं आणि रविवारी उकळून गाळून देणं ही तिन्ही कामं नवऱ्याची आहेत, हे लागू करायला घरात भांडावं लागलं आणि मी भांडले. ज्यांच्या घरी असं जमण्यासारखं नाही त्यांनी आहे तोच शॅम्पू ठेवा, फक्त रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा, निम्मा, पातळ करून. महिनाभराने केस बघा आणि मला सांगा.