खिचडीच टाकली होती, गुन्हा नव्हता केला

रात्रीचे साडेबारा वाजलेत आणि मला झोप येत नाही. डोकं फिरलंय. लिहून मोकळी होते, मग बघू झोपेचं.

नात्यातल्या एका आजारी मावशींना बघायला गेलो होतो. गाव आणि घर सांगत नाही. वाटेत फाट्यावर गाडी पंक्चर झाली, पोचायला रात्रीचे नऊ वाजले. सोबत आम्ही पाच माणसं, त्यात दोन लेकरं, आणि आधी फोनही करता आला नव्हता. त्या घरची वहिनी दिवसभर नोकरी करून आलेली. आल्यावर सासूचं औषधपाणी, अंग पुसणं, पोराचा अभ्यास. तरी आम्हाला बघून तिच्या कपाळाला आठी नाही. आम्हाला पाणी दिलं आणि पदर खोचून आत गेली. अर्ध्या तासात लसणाच्या फोडणीचा असा घमघमाट सुटला की आमची दोन्ही लेकरं ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. तुरीच्या डाळीची खिचडी, तीत मूठभर शेंगदाणे. पापड भाजले, कांदा बुक्कीनं फोडला, तेलाची बरणी काढून ठेवली. ताटं मांडली.

तेवढ्यात तिचा नवरा आत आला, झाकण उचलून बघितलं आणि आमच्यासमोर म्हणाला, "पाहुणे आलेत आणि तू खिचडी टाकली? घरात काही नाही का? काय म्हणतील लोकं?"

लोकं म्हणजे आम्हीच, आणि तिथंच बसलेलो होतो. आम्ही सगळे एका सुरात म्हटलं, अहो दादा, खिचडीच पाहिजे, याहून चांगलं काय असतं. नाही! ढाब्यावर फोन गेला. पाऊण तासानं प्लास्टिकच्या पिशवीत तेलाचा तवंग आलेली शेवभाजी आणि गार पडून चामड झालेल्या रोट्या आल्या. त्या आम्ही मुकाट्यानं खाल्ल्या. वहिनी हातात पळी घेऊन जी उभी राहिली ती आम्ही निघेपर्यंत धड बसली नाही. खिचडीचं पातेलं झाकलेलंच. निघताना दादा मला म्हणतात, "ताई, आज तुमची नीट सोय झाली नाही, पुढच्या वेळेस वरणबट्टी करू." कोण करणार वरणबट्टी? तुम्ही?

मी तिथं काही बोलले नाही, मावशी आजारी होत्या म्हणून. इथं बोलते.

आपण खानदेशातली माणसं. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठलंही घर घ्या, संध्याकाळी दिवेलागणीनंतर गल्लीतून चालत गेलं तर दर दोन घरांआड खिचडीच्या फोडणीचा वास येतो. सकाळी भाकरी-भाजी, रात्री खिचडी, यावर आपल्या पिढ्या वाढल्या. त्या खिचडीची लाज कधीपासून वाटायला लागली? आणि ती लाज नेहमी बाईच्या पदरात का टाकायची?

आमच्या घरची एक रात्र मला आठवते. मी आठवीत होते. आमच्या आबांची आणि काकांची वाटणी झाली त्या दिवसाची रात्र. शेतीच्या वाटणीत काय काय निघतं ते तुम्हाला सांगायला नको. विहिरीच्या पाळीवरून सुरू झालं, ते आजीच्या आजारपणात कोणी किती खर्च केला इथपर्यंत गेलं. सकाळपासून ओट्यावर पंच बसलेले, चहा झाले, पाणी झालं, दुपारी कोणीच जेवलं नाही. काका म्हणाले, "या घरचं पाणी पिणार नाही." आबांनी काय उत्तर दिलं ते मी लिहीत नाही. काकू मागच्या दाराशी बसून रडत होती. आम्ही चुलत भावंडं कालपर्यंत एका गोधडीत झोपणारी, आता एकमेकांकडे बघायचं की नाही ते कळेना.

आमच्या आईला आम्ही जिजी म्हणतो. दिवस मावळला तसं जिजी उठली आणि लग्नकार्यातलं मोठं पातेलं काढून तिनं खिचडी टाकली. कोणाला विचारलं नाही. त्या दिवशी कायद्यानं दोन चुली झाल्या होत्या, पण पेटवली एकच. शिजल्यावर ओट्यावर येऊन एवढंच म्हणाली, "जेवी ल्या आधी, मंग भांडा."

मी विज्ञान शिकवते म्हणून एक गोष्ट सांगते, शाळेत नववी-दहावीला मी हे उदाहरण देतेच. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यातली काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. तांदळात लायसिन कमी असतं. डाळीत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाचं उणं दुसरं भरून काढतं. तांदूळ नुसता असता तर अपुरा, डाळ नुसती असती तर तीही अपुरी. यात मोठं कोण, लहान कोण? त्या पातेल्यात कोणी विचारत नाही. आपण मात्र घरात रोज विचारतो. कमावतं कोण, घर कोणाच्या नावावर, पाहुणे कोणाकडचे.

आणि ही काही गरिबाघरची अडचणीतली सोय नव्हती. आईन-ए-अकबरीत बादशहाच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांची यादी आहे, तीत खिचडी आहे. तांदूळ, डाळ आणि तूप, तिन्ही सारख्या वजनाचं! हा तोच अकबर, ज्यानं 1601 साली असीरगड घेतला आणि आपला खानदेश मुघलांकडे गेला. तुपाच्या बाबतीत आपण त्याच्या जवळपासही नाही, आपलं शेंगदाण्याचं तेलच बरं. पण बादशहाच्या ताटात जी चालत होती, ती तीन खोल्यांच्या घरात पाहुण्यासमोर चालत नाही?

अजून अलीकडचं सांगते. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत मोठा खाद्यमेळा झाला. तिथं देशातल्या नामांकित आचाऱ्यांनी मिळून एका प्रचंड कढईत 918 किलो खिचडी शिजवली, गिनेस बुकात विक्रम झाला. खिचडी राष्ट्रीय पदार्थ होणार अशी आवई उठली, शेवटी केंद्रीय मंत्र्यांना खुलासा करावा लागला की तसं काही नाही, फक्त विक्रमासाठी निवडली. तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी अभिमानानं फोटो टाकले होते. मोठ्या आचाऱ्यानं कॅमेऱ्यासमोर शिजवली की देशाची शान, आणि दमून आलेल्या बायकोनं किलोभर तांदळाची शिजवली की घरात काही नाही का! हे मला सहन होत नाही. खरंच होत नाही.

हो, मान्य आहे, पाहुण्याला गोडधोड करावं ही आपली रीत आहे आणि चांगली रीत आहे. जावई पहिल्यांदा आला तर कोणी खिचडी वाढणार नाही, मीही नाही. आणि रोज रोज खिचडी म्हटली की घरातली पोरं नाक मुरडतात, तेही खरं. पण रात्री नऊला न सांगता आलेल्या पाच माणसांसाठी?

परत त्या रात्रीकडे येते, कारण मला आज गाडीत सारखं तेच दिसत होतं. पंगत बसली. एका बाजूला आबा, दुसऱ्या टोकाला काका. काका आधी येईनातच, पंचांपैकी एका म्हाताऱ्या आजोबांनी हाताला धरून आणून बसवलं. जिजीनं वाढलं. वाफाळती खिचडी, मधोमध बोटानं खळगा करून त्यात तेल ओतायचं, ही आमच्याकडची पद्धत. आबांना वाढलं, पोरांना वाढलं. काकांच्या ताटापाशी आली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "नाना, तेल टाकू का?" बस. दिवसभरात त्यांच्या तोंडून आमच्या आईच्या माहेराचासुद्धा उद्धार झाला होता. ती ते ऐकत आत बसली होती. पण विचारलं काय, तर तेल टाकू का. काकांनी मान खालीच ठेवली आणि ताट पुढे सरकवलं. नंतर दुसऱ्यांदा पण घेतली, पापडही मागितला.

म्हणून मला वाटतं, काही जेवणं भूक भागवायला असतात आणि काही माणसाला मान खाली न घालता परत पंगतीत बसता यावं म्हणून असतात. पुरणाच्या जेवणाला आमंत्रण लागतं, निमित्त लागतं, रुसलेला माणूस त्याला येत नाही. खिचडीला तो येतो. तिच्यात काही मोठेपणाच नसतो, त्यामुळे कोणाला हरल्यासारखं वाटत नाही. वाढणाराही मोठा होत नाही, खाणाराही लहान होत नाही.

आता कोणी म्हणेल, मग भाऊ एक झाले का? नाही झाले. वाटणी झाली ती झालीच. महिन्याभरात अंगणात भिंत उठली. विहिरीची पाळी पुढे कितीतरी वर्षं धुमसत राहिली. खिचडीनं काही मिटलं नाही. पण त्या रात्री आमच्या घरात कोणी उपाशी झोपलं नाही आणि कोणाचा हात कोणावर उठला नाही. शेजारच्या गावात त्याच सुमाराला वाटणीतून काय झालं होतं ते त्या भागातल्या जुन्या लोकांना माहीत आहे.

शाळेत रोज बघते ना मी. 2001 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की सरकारी शाळांतल्या लेकरांना शिजवलेलं अन्न द्यायचं. कागदावर त्याला आधी शालेय पोषण आहार म्हणायचे, 2021 पासून पीएम पोषण, पोरं म्हणतात खिचडी. ती चांगली असते का? दरवेळी नसते. डाळ पातळ असते, कधी मीठ जास्त. पण सोमवारी पोरं दुप्पट जेवतात. ते कुठल्या रजिस्टरमध्ये येत नाही, वाढणाऱ्या ताईंना कळतं. सोमवारी त्या न बोलता मोठं पातेलं चढवतात. मजुराची लेकरं, रविवारी घरी काय झालं असेल ते कोणी विचारायचं नसतं. तुटपुंज्या मानधनावर या बाया वर्षानुवर्षं रांधताहेत. त्यांना जाऊन सांगा की खिचडी म्हणजे काय, काहीच नाही.

राग थोडा उतरलाय आता. लिहिता लिहिता जिजीचंच एक आठवलं आणि गळ्याशी आलं.

त्या रात्री सगळ्यांचं झाल्यावर जिजी आणि काकू मागं दोघीच जेवायला बसल्या. पातेल्यात खिचडी उरलीच नव्हती. तळाला खरवड होती, करपलेली, तपकिरी. आम्ही पोरं एरवी त्या खरवडीसाठी भांडायचो म्हणून मला वाटायचं ती चैनीची वस्तू आहे. त्या दोघी उलथन्यानं ती खरवडून काढत होत्या आणि एकाच ताटात खात होत्या. तेलाची बरणी रिकामी. काकूचे डोळे सुजलेले. जिजी तिला म्हणत होती, उद्या तुझी चूल लिंपायला मी येते. वाटणी भावांची झाली होती. या दोघींना कोणी विचारलंच नव्हतं, ना सकाळी पंचांनी, ना रात्री "तुम्ही काय खाल?" म्हणून.

म्हणजे खिचडी साधी, सोपी, अर्ध्या तासात होणारी हे सगळं खरं, पण तीसुद्धा कोणीतरी उठून टाकावी लागते. सगळा दिवस अंगावर घेऊन. आपण चवीचं कौतुक करतो, बालपणाच्या आठवणी काढतो, आणि उठणारं माणूस नेमकं विसरतो. वहिनीला आज मी निघताना जवळ घेतलं तर तिचा हात अजून लसणाचा वास मारत होता. ती मला म्हणाली, "ताई, डब्यात देऊ का थोडी?" तिनं दिलेला डबा मी घेतला. मघाशी उभ्याउभ्या खाल्ली, थंड झालेली. दाणे मऊ पडले होते. मीठ किंचित कमी होतं. इतकी चांगली खिचडी मी बऱ्याच दिवसांत खाल्ली नाही.

दादा माणूस वाईट नाही, हेही लिहिते. त्यांना मनापासून वाटलं की आमचा मान राहावा. त्यांच्या आईनं त्यांना हेच शिकवलं असेल, पाहुण्यासमोर हात आखडता घ्यायचा नाही. पण मान ढाब्यावरून मागवून येत नाही. ते स्वतः कांदा फोडायला बसले असते, पापड भाजले असते, तरी आमचा पुष्कळ मान राहिला असता.

माझा मुलगा पुण्याला शिकतो. जाण्याआधीच्या सुट्टीत मी त्याच्याकडून घोटून घेतलेला हा एकच पदार्थ. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी तूरडाळ, धुऊन निथळत ठेवायची. शक्य असेल तर नवापूरची डाळ आण, तिला भौगोलिक मानांकन उगाच मिळालेलं नाही. तेलात मोहरी-जिरं, मग ठेचलेला लसूण भरपूर, तो लाल होईपर्यंत घाई करायची नाही. मूठभर शेंगदाणे, कढीपत्ता, हिंग, हळद, तिखट. डाळ-तांदूळ परतायचे, मीठ घालायचं, आणि पाणी उकळतंच घालायचं, गार नाही. मंद आचेवर झाकण. वरून खायला कच्चं शेंगदाण्याचं तेल, घाण्याचं असेल तर उत्तम. सुरुवातीला दोनदा करपवली, एकदा लापशी केली. आता मित्रांना वाढतो. परवा फोन आला, "आई, रूमवर सहा जण आलेत, किती टाकू?" मी म्हटलं तीन वाट्या तांदूळ, दीड वाटी डाळ, आणि भांडी त्या सहांकडून घासून घे.

तुमच्या घरात दहावी-बारावीची पोरं असतील तर या सुट्टीत शिकवा. मुलींना आपण शिकवतोच, मी पोरांचं म्हणतेय. प्रमाण वर लिहिलेलं आहे.