कृषी प्रदर्शन चिखलातच भरायला पाहिजे

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीचे, म्हणजे वावरात फिरून उभी पिकं बघायच्या प्रदर्शनाचे, फोटो गावच्या ग्रुपवर टाकले, तर पहिलीच कमेंट आली, "एवढ्या गाऱ्यात काहून बोलावतात लोकायले? दिवाळीनंतर ठेवाव ना, कोरडं असते." खाली लगेच पाच-सहा अंगठे. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ खरिपात २० एकरांवर पिकं उभी करतं आणि पावसाळा सरता सरता लोकांना थेट वावरात सोडतं. त्या दिवसांत सोयाबीनच्या शेंगा भरत असतात, कपाशीला पात्या, फुलं, बोंडं सगळं एकदम असतं, तूर अजून फुलायची असते आणि परतीचा पाऊस डोक्यावर असतो. पिकाचं जे काही बरंवाईट व्हायचं ते याच दिवसांत होतं. दिवाळीनंतर काय बघायचं, सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा?

चिखल होता हे खरं. वऱ्हाडातली काळी माती पाण्यानं फुगते, मग वरचं पाणी खाली जायचं नाव घेत नाही. बुटाच्या तळाला थरावर थर चढतो आणि दहा पावलांत माणूस दोन बोटं उंच होतो. धुऱ्यावर जो तो काडीनं तळवे खरवडत उभा. लुगडं वर खोचलेल्या एक आजी मात्र चपला हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे निघाल्या होत्या. मागे त्यांचा नातू, त्याचे पांढरे बूट आणि त्याचं तोंड, तिन्ही बघण्यासारखं.

आता मुद्द्याचं. बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धतीनं पेरलेल्या सोयाबीनपाशी बराच वेळ थांबलो. रुंद वरंब्यावर पिकाच्या चार ओळी, दोन्ही बाजूंना सरी. सरीत गढूळ पाणी साचलेलं आणि वरंब्यावरचं पीक हिरवंगार. एका काकांनी खाली बसून वरंब्यात बोटं खुपसली, माती चोळून पाहिली आणि म्हणाले, "वाफसा हाये बाप्पा." म्हणजे मातीत ओल आहे, पण चिखल नाही. बस्स. बीबीएफवर मी आजवर कितीतरी भाषणं ऐकली असतील, पण या तीन शब्दांइतकं पटवणारं एकही नव्हतं. कारण येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट पेरलेली, मुळाशी पाणी साचून चिभडलेली, पिवळी पडलेली सोयाबीन बघतच आम्ही सगळे आलो होतो. हा फरक पाणी साचलेलं असतानाच दिसतो. कोरड्या मैदानावर तेच यंत्र रंग देऊन, हार घालून ठेवलं तर माणूस फक्त त्याची किंमत आणि अनुदान विचारतो.

बियाण्याचाही हिशोब आहे. सपाट पेरणीला एकरी ३० किलोपर्यंत सोयाबीन लागतं, बीबीएफवर २२ ते २४ किलोत भागतं. यंत्र नसेल तर डवऱ्याला, म्हणजे बैलाच्या कोळप्याला, दोरी गुंडाळून ठरावीक ओळींनंतर सरी पाडता येते. हे धुऱ्यावरच्या गप्पांत निघतं. स्टॉलवर असलं कोणी सांगत नाही, कारण दोरी विकणाऱ्याचा स्टॉल नसतो.

मोठ्या प्रदर्शनांना माझा विरोध नाही. पुण्याजवळ मोशीला डिसेंबरात 'किसान'ला जाऊन यंत्रं बघावीत, बारामतीला जानेवारीत 'कृषिक'ला जावं, तिथं तर उभी पिकंही असतात. पण कोरडवाहू सोयाबीन-कपाशीवाल्याची परीक्षा सप्टेंबरात असते. आणि ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे त्या पंजाबरावांनी केंद्रात कृषिमंत्री असताना १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं होतं, खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर उद्घाटनाला आले होते. जग दिल्लीत आणून दाखवणं ही त्या काळाची गरज होती. आज जगातलं सगळं मोबाईलवर दिसतं. दिसत नाही ते एवढंच, की आपल्यासारख्याच मातीत, याच पावसात, अमुक वाण तग धरतो की नाही.

म्हणून माझं मागणं उलटं आहे. प्रदर्शन कुठलंही असो, एक तुकडा मुद्दाम आपल्या जुन्या पद्धतीनं पेरावा. सपाट, दाट, घरचं बियाणं, फवारणी उशिरा. तो चिभडला तर चिभडू द्यावा, त्यावर खोडमाशी आली तर येऊ द्यावी, आणि त्याच्याच शेजारी शिफारशीचा तुकडा ठेवावा. दोन्हींच्या पाट्यांवर खर्च लिहावा. आत्ता असतं काय, की सगळंच पीक इतकं देखणं असतं की लोक म्हणतात, "यायच्यापाशी मजूर हाय, पैसा हाय, आपल्याच्यानं नाही होत." आणि विषय तिथंच मिटतो.

आणखी एक. उद्घाटन, सत्कार, भाषणं दुपारच्या जेवणानंतर ठेवा की! सकाळच्या उन्हात शिवार बघून होतं, लांबून आलेल्या बायकांना परतीची एसटीही गाठता येते. नाहीतर साहेबांची वाट बघत बाराच वाजतात, मग तूर-ज्वारीचे प्लॉट कोणी बघतच नाही, सगळे हरभऱ्याच्या बियाण्याच्या रांगेत.

ग्रुपवरच्या भाऊंना एवढंच सांगतो, पुढल्या खेपेला सोबत चला. गाडीत जागा आहे, जुनी चप्पल मात्र तुमची तुम्ही आणा.