घर खाली गेलंय तुमचं

काल सकाळी माझ्याच गडग्यावर बसून एका अनोळखी गृहस्थांनी मला विचारलं, "घर खचलं काय हो तुमचं?"

मी अंगणात ओणवा होऊन टमरेलाने पाणी उपसत होतो. त्यामुळे आधी दिसल्या त्या चपला, बरोबर माझ्या नाकासमोर. मग छत्री. मग ते.

घर खचलेलं नाही. रस्ता वर आलाय. रत्नागिरीच्या वेशीवर दादांनी १९८८ साली हे चिऱ्याचं घर बांधलं, तेव्हा रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून पडवीत यावं लागे. मग दर दोन-चार वर्षांनी, शक्यतो निवडणुकीच्या तोंडावर, जुन्या डांबरावर नवं डांबर. जुनं आधी खरवडून काढावं हे कोणाच्या गावीही नाही. यंदाच्या मे महिन्यात तर खाली खडीचा जाड थर घातला. तीन पायऱ्यांची एक झाली, एकीची शून्य, आणि आता एक उतरून यावं लागतं. गेट बाहेर उघडेना म्हणून खालून नऊ इंच कापलं. आतून छातीएवढा असलेला गडगा रस्त्याच्या बाजूने गुडघ्याएवढा उरलाय, म्हणजे एसटीची वाट बघणाऱ्यांना आयतं बाकडं.

"खचलं नाही, रस्ता वर गेलाय," मी म्हटलं.

त्यांनी रस्ता बघितला, घर बघितलं, परत रस्ता बघितला. "नाही हो. रस्ता बरोबर आहे. घरच गेलंय खाली."

"अहो, जोतं आहे तिथंच आहे!"

"तुम्हाला कसं कळणार? तुम्ही आतच असता ना. घराबरोबर तुम्हीपण गेलात."

ह्यावर काय बोलणार?

"आमच्या मेव्हण्याची विहीर अशीच गेली," ते म्हणाले.

"कुठे गेली?"

"खाली."

मी टमरेल भरून घेतलं. तेवढ्यात त्यांनी नाक वर केलं. गडग्यावरून आमचं स्वयंपाकघर आता थेट दिसतं. "कुळथाची पिठी काय?" मग जरा थांबून, हलक्या आवाजात, पण आत ऐकू जाईल इतपत, "लसूण करपली वाटतं."

आत भांडं आपटलं. ते माझ्यासाठी होतं.

मला अशा वेळी थिबा राजा आठवतो. १८८५ साली इंग्रजांनी ह्या ब्रह्मदेशाच्या राजाला गादीवरून उतरवलं आणि पुढे आमच्या रत्नागिरीत आणून ठेवलं. कैदीच तो. पण १९१० मध्ये त्याला राहायला जो राजवाडा मिळाला, तो उंचावर, खाली समुद्र दिसेल असा. राज्य गेलं, पण जोतं शाबूत. मी वेळेवर घरपट्टी भरणारा स्वतंत्र नागरिक, आणि मला खिडकीतून एसटीची चाकं दिसतात.

बरं, पाऊस इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. जांभ्याच्या जमिनीत पाणी मुरतं हे खरं, पण तिनेही किती प्यायचं? गटार होतं, ते खडीखाली गेलं. मी तीन अर्ज दिले. तिसऱ्याला लेखी उत्तर आलं, 'पाणी नैसर्गिक उताराने वाहून जात आहे.' जातंय ना! तो नैसर्गिक उतार म्हणजे आमची पडवी. दादा असते तर त्यांनी तो कागद घेऊन त्या कचेरीत ठिय्या मारला असता. मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवला. खाली ठेवला तर भिजेल. चतुर्थीला गणपती डोक्यावर घेऊन हा शेवाळलेला उतार कोण उतरणार, ह्यावरून घरात आत्ताच दोन तट पडलेत, आणि दोन्ही तटांचं म्हणणं मीच उतरावं असं आहे.

एसटी आली. गृहस्थ उठले, छत्री झटकली. ते पाणीही आतच आलं.

"बसायला झकास केलंयत हो," गडग्यावर थाप मारून ते म्हणाले. "फक्त घराकडे लक्ष ठेवा. अजून जाईल."

गाडी सुटली. मागच्या चाकाने खड्ड्यातलं सगळं पाणी अंगणात ओतलं. हो, नव्या रस्त्याला खड्डाही पडलाय.