‘फुकटच्या शिंपल्यांचे 850 रुपये’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एका स्टारचा अभिप्राय वाचला. हौसेने घेतलेला शिंपल्यांचा हार आणि कानातल्यांचा सेट मनासारखा राहिला नाही, तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. तुमच्या तक्रारी तीन. रंग पंधरा दिवसांत उडाला, म्हणजे शिंपले रंगवलेले होते. सांगूनही हारात गुंजा ओवल्या नाहीत. आणि ‘मालवणच्या किनाऱ्यावर फुकट पडलेल्या शिंपल्यांचे 850 रुपये म्हणजे लूट’. पहिल्या दोन तक्रारींचं उत्तर थोडक्यात देतो. तिसरी मात्र जिव्हारी लागली.

रंगाबद्दल. कानातल्यांचे हूक काळे पडले म्हणून सगळा सेट चांदी उजळायच्या लिक्विडमध्ये बुडवला, असं तुम्हीच लिहिलं आहे. त्या लिक्विडमध्ये आम्ल असतं आणि शिंपला म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल ते खातं. ‘तिसऱ्या’ या खाण्याच्या शिंपल्यांवरची तपकिरी नक्षी वरच्या पातळ थरात असते. तो थर गेला की खाली खडूसारखा पांढरा भाग उरतो, तुमच्या फोटोत आहे तसा. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनीही हेच होतं, फक्त जरा हळू. शिंपला रंगवलेला आहे का हे बघायचं असेल, तर नेलपेंट रिमूव्हरचा कापूस मागच्या बाजूने घासून बघा, कापसाला रंग लागणार नाही. चांदी काळी पडणं हवेमुळे होतं, त्यात खोट नाही. हूक काढून कोरड्या मऊ कापडाने पुसले की पुरतं. हूक काढताना कडी पक्कडीने बाजूला वळवून उघडायची. ओढून फाकवली तर तिची गोलाई जाते आणि शिंपला निसटतो.

गुंजा आम्ही कोणत्याच दागिन्यात घालत नाही आणि पुढेही घालणार नाही. गुंजेच्या बीमध्ये अब्रिन नावाचं जहाल विष असतं. अखंड बीचं कवच ते आत धरून ठेवतं, पण ओवायला भोक पाडलं की कवच फुटतं. घरात लहान मूल असेल तर असा हार तोंडात जायला वेळ लागत नाही. त्याऐवजी घासलेल्या करवंटीचे मणी घातले, ते तुम्हाला फोनवर सांगितलं होतं आणि तुम्ही ‘चालेल’ म्हणाला होतात.

आता फुकटच्या शिंपल्यांचं. किनाऱ्यावर शिंपला फुकट मिळतो, हे खरं आहे. पण वाळूत दिसणारा प्रत्येक शिंपला दागिन्याला चालत नाही. उन्हात पडून राहिलेला ठिसूळ होतो. काहींना बारीक बारीक छिद्रं पडलेली असतात, ते ड्रिल लावताच तडकतात. खानावळीतल्या उकडलेल्या शिंपल्यांना हळदीचा पिवळेपणा बसतो, तो निघत नाही. म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी लांब जाते तेव्हा ताजे, रिकामे शिंपले वेचावे लागतात. आत जीव असलेला उचलायचा नाही. हारासाठी आकार आणि जाडी जुळणारे 21 लागतात. ते जुळवायला टोपलीभर माल चाळावा लागतो.

मग ते गोड्या पाण्यात भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं, निदान चार-पाच दिवस. खार आत राहिला तर दमट हवेत शिंपल्याला पाणी सुटतं आणि तार हिरवी पडते. वाळवायचे सावलीत, कडक उन्हात रंग फिका होतो. पावसाळ्यात वाळायलाच दुप्पट वेळ जातो, तेव्हा घाईने ओवलेल्या मालाला वास येतो. तुमच्या हाराला वास आला नाही, तो याच दिवसांमुळे.

भोक एक मिलिमीटरचं. साधं ड्रिल बोथट होतं, हिऱ्याच्या टोकाचंच लागतं. ते चालवायचं पाण्याखाली, कमी वेगाने आणि आतल्या बाजूने. कोरडं चालवलं तर उष्णतेने चीर जाते आणि उडालेली बारीक पूड छातीत जाते. शिंपला सगळ्यात जास्त फुटतो तो टोक पलीकडे निघतानाच. म्हणून खाली लाकडाचा तुकडा ठेवून शेवटचा दाब सोडावा लागतो. काठापासून तीन मिलिमीटर जागा सोडली नाही तर हार घालताना काठ तुटतो. त्यानंतर 400, 800 आणि 1200 नंबरचा पॉलिश पेपर ओल्याने, शेवटी तेलाचा हात. वर रेझिनचा थर दिला तर काम अर्ध्यावर येतं आणि काचेसारखी चमक येते, पण रेझिन उन्हाने पिवळं पडतं आणि हाताला शिंपला लागतच नाही. आम्हाला ते पटत नाही.

850 मध्ये चांदीच्या हुकांचे आणि कडीचे 240, धागा, तार, ड्रिलची टोकं, पेपर मिळून 110, डबी आणि पॅकिंगचे 50. उरलेल्या 450 मध्ये वेचणं, धुणं, भोकं, घासणं आणि ओवणं. ओवणाऱ्या बायकांची मजुरी यातूनच जाते, फुटलेल्या शिंपल्यावरचीही. यात लूट कुठे आहे, ते आम्हाला खरंच कळलं नाही. भाव जास्त वाटणं समजू शकतो, तो शब्द मात्र आमच्या कामाला लागू होत नाही. सुट्टीचा हंगाम तोंडावर आहे आणि पर्यटक दुकानात पाऊल टाकण्याआधी हेच अभिप्राय वाचतात, म्हणून एवढं लिहावं लागलं.

काळजी कशी घ्यायची ते डबीच्या तळाशी छापलेलं असतं. ते आता झाकणावर मोठ्या अक्षरांत घेतोय, पॅकिंगचंही काही बघतो आहोत. पांढरे पडलेले शिंपले पूर्वीसारखे होणार नाहीत. पण हार पाठवलात तर तेवढे बदलून, तीच करवंटी आणि तेच हूक ठेवून नव्याने ओवून देऊ. मजुरी घेणार नाही, येण्याजाण्याचा कुरियर खर्चही आमचा. हार हातात पडल्यावर पटलं तर अभिप्रायाचा पुन्हा विचार करावा, एवढीच विनंती.